टँकरच्या नोकरीसाठी वाचलेलं पत्रक

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. वडील जळगावला डाळमिलमध्ये हमाली करायचे आणि मिलच्या युनियनची पत्रकं वाटायचे. घरात पुस्तक म्हणावं असं काही नव्हतं, पण कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. पिवळी, गुलाबी, हिरवी, स्वस्त कागदाची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. वह्यांना कव्हरं त्यांचीच, मसाल्याच्या डब्यांच्या तळाशी कागद तेच. 'अन्याय' हा शब्द मला 'अननस'च्या आधी वाचता यायला लागला. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर वडील मला उभं करायचे आणि नवं पत्रक मोठ्याने वाचायला लावायचे. अडखळलो की म्हणायचे, "परत. मालकाला ऐकू गेलं पाहिजे."

कॉलेज संपता संपता मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो. आम्ही चार-पाच मित्र होतो. पैसे गोळा करायचे, छापून घ्यायचे, एकाच्या मोटरसायकलवरून वाटायला जायचं. यावलकडून केळीचे ट्रक भरून दिल्लीला जायचे, त्यांच्या ड्रायव्हरांसाठी मी एक पत्रक लिहिलं. गुलाबी कागदावर, ठळक टाइपात. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मामा होता. आणि मामाला वाचता येत नव्हतं.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. मूळचा भडगावचा, पण धुळ्यात खोली घेऊन राहायचा आणि केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. केळीचा माल थांबत नाही. झाडावरून घड उतरला की तो पिकायलाच निघतो, आणि ड्रायव्हरला त्याच्या पुढे पळावं लागतं. गाडी पोचायला उशीर झाला, माल काळा पडला, की सगळा दोष ड्रायव्हरच्या डोक्यावर. मामा आठ-आठ दिवस घरी नसायचा. आला की दुपारभर ओसरीत पालथा झोपायचा, आणि झोपेतही त्याचा उजवा पाय मधूनच दाबल्यासारखा हलायचा.

मामीला फिट यायची. लग्नानंतर काही वर्षांनी सुरू झाली. गोळ्या होत्या, पण गोळ्या घेऊनही यायची, आणि बहुतेक वेळा रात्री. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवसा शेजारणी असायच्या, रात्री मामी एकटी. एका हिवाळ्यात ती पेटत्या स्टोव्हवर पडली. डावा हात तळव्यापासून कोपरापर्यंत भाजला. मामा तेव्हा ग्वाल्हेरच्या पलीकडे कुठेतरी होता. त्याला कळलं ते परत आल्यावर, तोवर जखमेवर खपली धरली होती.

त्या दिवसापासून मामाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. टँकर.

पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर ड्रायव्हर होणं म्हणजे तेव्हा आमच्याकडे सरकारी नोकरी लागल्यासारखं होतं. सकाळी डेपोत जाऊन गाडी भरायची, आसपासच्या पंपांवर खाली करायची, संध्याकाळी यार्डात उभी करून किल्ली द्यायची. आग्रा रोडवर एका शेठचं यार्ड होतं. तो अंधार पडल्यावर भरलेली गाडी रस्त्यावर ठेवायचा नाही. म्हणजे त्याचे ड्रायव्हर रोज रात्री घरी. मामाला त्यातलं एवढंच हवं होतं. पगाराचं त्याने विचारलंही नव्हतं.

अडचण एकच होती. नवा नियम आला होता. पेटणारा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला ट्रेनिंग घ्यायचं, आणि ट्रेनिंगसाठी लिहिता-वाचता आलं पाहिजे. गाडीत सूचनांचा कागद असतो, तो ड्रायव्हरला वाचता यायला हवा. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण ज्यांना शाळेत जायच्या वयात कुणी शेळ्यांमागे, कुणी गॅरेजमध्ये पाठवलं, त्यांच्या दारावर हा नियम चाळिशीत येऊन थाप मारत होता. ते शिकले नाहीत याची शिक्षा त्यांनाच, आणि ती देणारे सगळे शिकलेले.

मी धुळ्याला गेलो होतो तेव्हा मामाने मान खाली घालून अहिराणीत विचारलं, "भाचा, माले वाचाले शिकाडशी का?"

मामी आतून म्हणाली, "आते म्हातारपनमा शाळा! दप्तर इकत लई देऊ का?"

"लई दे. डबाबी दे," मामा म्हणाला. "मास्तर घरनाच शे."

मामा फेरीवरून परतलेला असेल त्या शनिवारी मी एसटीने धुळ्याला जायला लागलो. पहिल्या खेपेला अंकलिपी नेली. मामाने ती दोन बोटांत धरली, कमळ आणि खटारा पाहिला आणि गादीखाली सरकवली. "पोरंसनं पुस्तक शे हाई." खिडकीत शेजारची पोरं येऊन "क कमळाचा" ओरडायची, ती वेगळीच. पुढच्या खेपेला मी पत्रकं नेली. अक्षर मोठं, वाक्य छोटं, आणि विषय मोठ्या माणसांचा. मामाला ते पटलं. त्यातही त्याला गुलाबी पत्रक आवडलं, कारण त्यातला पहिलाच शब्द 'ड्रायव्हर' होता. तो शब्द त्याने इतक्या गाड्यांवर, पाट्यांवर, ढाब्यांच्या भिंतींवर पाहिला होता की बाकीची अक्षरं त्याला त्याच्या ओळखीने भेटायला लागली.

तो बोट ठेवून वाचायचा. अडकला की बोट मागे घ्यायचा आणि पुन्हा यायचा, चढावर गाडी मागे घेऊन परत रेटावी तसा. मी सांगायचो, मोठ्याने वाच. वडिलांनी मला शिकवलं होतं तसंच. भाकरी थापता थापता मामी ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "रातले घर ये, मंग बठ्ठा वाच." बठ्ठा म्हणजे सगळं.

उन्हाळा संपेपर्यंत गुलाबी पत्रक मामा घडाघडा वाचायला लागला. दुसरा मजकूर दिला की वेग कमी व्हायचा, पण जमायचं. औषधाच्या बाटलीवरचं देवनागरीतलं नाव त्याने एकदा स्वतःहून वाचलं, तेव्हा मामीने त्याच्या तोंडात साखर घातली. मला वाटलं, झालं. त्या दिवसांत मला काय काय वाटायचं! वाटायचं, अक्षर आलं की माणूस ताठ होतो. पुढचं सगळं आपोआप होतं.

शेठने बोलावलं त्या दिवशी मामा मला सोबत घेऊन गेला. धुतलेला पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. यार्डाच्या फाटकावर पहारेकऱ्याने आमचे खिसे चाचपले. काडेपेटी, विडी आत न्यायची नाही. मामा विडी ओढत नव्हता. खिशात कागद आहेत का, ते कुणी पाहिलं नाही.

शेठ पन्नाशीचा, गोड बोलणारा. मी मनात एक मालक रंगवून गेलो होतो, तसा तो नव्हता. त्याने मामाला खुर्ची दिली. मला दाराजवळच्या बाकड्यावर बसायला सांगितलं.

"किती वर्षं झाली, नाना, स्टेअरिंगवर?"

"मिसरूड फुटलं नव्हतं शेठ, तेव्हापासून."

"अपघात?"

"एकदा म्हैस आडवी आली."

"मग? म्हशीचं काय झालं?"

"म्हैस घरी गेली. दवाखान्यात मी गेलो."

शेठ खळखळून हसला. मग म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावून म्हणाला, यांना गाडीवर बघून घ्या. टँकरची परीक्षा अर्ध्या भरलेल्या टाकीवर घेतात. टाकीत पाणी भरून ठेवलेलं असतं. पूर्ण भरलेली टाकी गप्प बसते, अर्धी बसत नाही. ब्रेक मारला की आतलं पाणी पुढे धावतं आणि थांबलेल्या गाडीला पाठीमागून धक्का देतं. ट्रकवर आयुष्य काढलेली माणसंही तिथे फसतात. मामा आणि मिस्त्री पारोळ्याच्या रस्त्याने जाऊन आले. मिस्त्री खाली उतरला आणि पान थुंकून म्हणाला, "शेठ, गाडी थांबली ते पाण्याला कळलंसुद्धा नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"आता हे सरकारचं नवीन लचांड," शेठ म्हणाला. "लिहिता-वाचता आलं पाहिजे. मागच्याला मी ट्रेनिंगला पाठवला, त्यांनी तसाच परत पाठवला. फजिती माझी झाली. तुम्हाला येतं ना वाचता?"

"येतं."

शेठने टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे केलं. "हे घ्या. कुठलंही वाचा."

मामाने पेपर घेतला. बारीक टाइप, गर्दी, आठ कॉलम. मथळाही कुठल्यातरी मंत्र्याच्या लांबलचक खात्याचा. मामाचं बोट पहिल्या अक्षरावर गेलं, मागे आलं, परत गेलं. त्याच्या मानेवर घाम दिसायला लागला. मी बाकड्याच्या कडेला आलो. तो शब्द मला तिथूनही दिसत होता. मी सांगू शकत नव्हतो. कोपऱ्यात हिशोब लिहीत बसलेल्या मुनीमाने पंख्याचं बटण एक घर वाढवलं आणि पेपर मामाच्या हातात फडफडायला लागला.

"राहू द्या, नाना," शेठ म्हणाला. आवाजात राग नव्हता. "होतं असं. गाडी छान चालवता तुम्ही. पण मी काय करणार?"

"थांबा शेठ," मामा म्हणाला. "येतं मला."

त्याने शर्टाच्या आत, बंडीच्या खिशात हात घातला आणि चौघडी केलेला कागद बाहेर काढला. गुलाबी रंग दिसला आणि मी ओळखलं, माझंच पत्रक. मला उठायचं होतं. मामा, नको, असं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर सगळंच गेलं असतं, त्याला वाचता येतं हेसुद्धा. मी बसून राहिलो.

मामा उभा राहिला. त्याने कागद दोन्ही हातांनी ताणून धरला आणि मी शिकवलं होतं तसं, मोठ्याने, वाचायला लागला.

"ड्रायव्हर बंधूंनो! गाडी मालकाची आहे, पण डोळे तुमचे आहेत. आठ तासांनंतर तुम्हाला स्टेअरिंग धरायला लावणारा मालक तुमची झोप चोरतो. झोप ही मेहेरबानी नाही. झोप मागू नका, झोप घ्या..."

कुठेही अडकला नाही. उद्गारचिन्हावर आवाज चढवला, पूर्णविरामावर थांबला. बाहेर डिझेल मोजणारे दोन ड्रायव्हर दारात येऊन उभे राहिले. मुनीमाचा हात हवेतच थांबला होता. माझी वाक्यं त्या खोलीत एकामागून एक पडत होती. ज्या माणसाला ती ऐकू जावीत म्हणून लिहिली होती, तो टेबलापलीकडे बसून ऐकत होता. वडिलांनी ओट्यावर उभं करून मला ज्यासाठी तयार केलं होतं, ते हेच. आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, मामा, थांब, आता थांब.

तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून थांबला. "एक व्हा!" असं होतं तिथे.

मग शेठ हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "वा, नाना! ट्रेनिंगच्या साहेबासमोर हे नका वाचू. मलाच आत टाकतील." दारातले दोघेही हसले, पण शेठचं हसणं थांबल्याबरोबर थांबले आणि तिथून सरकले.

"कुठून आणलं हे?"

"ढाब्यावर मिळालं. कोणी वाटत होतं."

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. आपण लिहिलेल्याखाली आपलं नाव छातीठोकपणे टाकायचं, हे मी मित्रांना किती वेळा ऐकवलं होतं. मी अर्धा उठलोही असेन. मामाचा एक हात पाठीमागे होता. तो त्याने तळवा खाली करून हळूच दाबल्यासारखा केला. बस.

"आणि पटतं तुम्हाला हे?" शेठने विचारलं. आता तो हसत नव्हता. "आठ तास वगैरे?"

मामाने कागदाची घडी घातली. "मी अक्षरं वाचली, शेठ. मतलब आपल्याला काय मालूम?"

शेठ मुनीमाला म्हणाला, "यांचं नाव ट्रेनिंगला घाला. आणि चहा सांगा."

चहा येईपर्यंत मामाने घरचं सांगितलं. मामीची फिट, स्टोव्ह, रात्री घरी असणं का हवं ते. शेठने सगळं ऐकून घेतलं. हळहळला. त्याच्या आत्याला तसंच व्हायचं म्हणाला. ते खोटं नसावं. "लोकल फेरीच देतो तुम्हाला. संध्याकाळी घरी. पण एक आहे, नाना. असे कागद वाटणारे फाटकावर येतात अधूनमधून. तुम्हाला वाचता येतं. कोण आलं, काय वाटलं, तेवढं माझ्या कानावर घालायचं."

मामाने बशीत चहा ओतला. प्यायला. "घालीन," म्हणाला.

मामाला नोकरी लागली ती अशी.

यार्डाबाहेर आल्यावर मी पुढे, मामा मागे. स्टँडपर्यंत आम्ही आग्रा रोडने चालत आलो. एसटी लागलेली होती. मी चढायला लागलो तेव्हा त्याने माझा दंड धरला. "मना घर ये. कवाबी ये. पन तुना कागद त्या गेटवर नको आनू."

"आणि बाकीच्यांनी आणले तर?"

"तू नको आनू," तो म्हणाला.

जळगावला आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. ते बराच वेळ पायाच्या भेगेतली माती काढत बसले. मग म्हणाले, "पत्रकात घरचं माणूस आजारी असलं तर काय करायचं, ते लिहिलं होतंस का?"

नव्हतं लिहिलं. त्यांच्याही कुठल्या पत्रकात ते मी वाचलेलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर आमच्या मित्रांनी टँकर ड्रायव्हरांसाठी नवीन पत्रक काढायचं ठरवलं. मजकूर मीच लिहिला. यार्डांची यादी करताना मी म्हणालो, आग्रा रोडचं ते एक सोडू. का, विचारलं सगळ्यांनी. मला कारण सांगता आलं नाही आणि त्यांनी ते यार्ड सोडलं नाही. दोघं जण मोटरसायकलवर गेले. मी त्यांच्यासोबत गेलो नाही, त्या दिवशी मामाकडे गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. त्यांच्यासोबत जाऊ शकत नव्हतो आणि जळगावला बसवत नव्हतं.

मामा दिवेलागणीला आला. अंगाला डिझेलचा वास. त्याने मोरीत साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मामी तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकत होती. तिचं वजन भरलं होतं, चेहरा स्वच्छ दिसत होता. उसन्या सहजपणे मी विचारलं, "आज गेटवर काही झालं का?"

"दोन पोरं उनथात," मामा म्हणाला. "कागद हिसकी लिधात त्यासना. हाकली दिधं."

"मारलं?"

"जास्ती नही."

"शेठने तुला विचारलं?"

मामाने टॉवेल खुंटीला अडकवला. "इचारं. मी सांगं. जळगावनी मोटरसायकल व्हती, इतलंच. कोनी पोरं ते माले मालूम नही, सांगं." थोडं थांबून म्हणाला, "तुनं नाव नही लिधं."

माझं डोकं तडकलं. माझ्या मित्रांना मार बसला होता, आणि ते कुठून आले ते सांगणारा माणूस माझ्यासमोर पाटावर बसत होता. मी त्याला शिकवलेली अक्षरं त्याने कुठे नेऊन ठेवली, हे त्याला तोंडावर विचारायचं मी ठरवलं. शब्द तयार होते. मला शब्दांची कधी कमतरता पडलेली नाही.

"मामा," मी म्हणालो.

तेवढ्यात चुलीजवळ उलथनं पडल्याचा आवाज झाला. मामीची मान एका बाजूला ओढली गेली होती, डोळे वर. मामा उठला कधी ते मला दिसलंच नाही. तिचं डोकं जमिनीला लागायच्या आत त्याचा हात तिच्या खाली होता. त्याने तिला चुलीपासून ओढून घेतलं, कुशीवर वळवलं, पदर गळ्यापासून सैल केला. शेजारीण कांदा घेऊन धावत आली, हुंगायला. मामाने मान हलवून नको म्हटलं. मी जवळ गेलो. पाणी आणू का, पाय धरू का, डॉक्टरला बोलावू का, मी विचारत राहिलो.

"काई करानं नही," मामा म्हणाला. "थांबानं."

तो भिंतीला टेकून बसला, तिचं डोकं मांडीवर घेऊन, आणि थांबला. तिचा भाजलेला हात झटके देत होता. त्याने तो दाबून धरला नाही, खाली फक्त आपला तळवा ठेवला, फरशीला आपटू नये म्हणून. तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी तवा उतरवला, चटका बसला, तरी तो हातात धरून तसाच उभा राहिलो. कुठे ठेवायचा ते मला सुचत नव्हतं.